बडेकरबाईंचे देश

"आमच्याकडे या रविवारी मतदान आहे," बडेकरबाई मोहोपाड्याच्या बाजारात भेंडी निवडता निवडता म्हणाल्या.

भाजीवाली गोंधळली. "या रविवारी? आमाला कोण काय बोललं नाय. कुटं, तुमच्या माहेरी?"

"नाही गं. दक्षिण अमेरिकेत."

भाजीवालीने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी धरून शेजारी उभा होतो. मी मान हलवून सांगितलं, की बाई बऱ्या आहेत, काळजीचं काही नाही. तोवर बाईंनी पाव किलो भेंडी तराजूत टाकली होती आणि त्या पुढे सांगत होत्या, की यंदा सत्तेवरचा म्हातारा जाणार, अठरा वर्षांची पोरं पहिल्यांदा मत देणार आहेत आणि पोरांना तो नकोच आहे. भाजीवाली म्हणाली, "जाऊदे मग. बसवा पोरांनला." बाईंना तिचं मत फार पटलं. त्यांनी कोथिंबीरही घेतली.

शालिनी बडेकर म्हणजे रसायनीच्या आमच्या कारखान्यातल्या एक्स्पोर्ट खात्याच्या प्रमुख. कापड रंगवायचे रंग आम्ही ड्रममध्ये भरून परदेशी पाठवत असू. मी त्यांच्या हाताखाली नोकरीला लागलो तेव्हा तिशीचा होतो आणि त्या पंचेचाळिशीच्या. उंच, सडसडीत, सुती साडी, पायात कायम बुटासारख्या बंद चपला, कारण ड्रम स्वतः जाऊन बघितल्याशिवाय त्या कागदावर सही करत नसत. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कोणी विचारलं तर म्हणत, "वेळेचा फरक. आपण घरी जायचो तेव्हा माझ्या लोकांचं ऑफिस उघडायचं."

माझे लोक म्हणजे गिऱ्हाइकं. पंधरावीस देशांतली गिऱ्हाइकं त्यांनी टेलेक्सच्या काळापासून सांभाळली होती. आपण शाळेत देश शिकतो ते नकाशावरून, राजधानीवरून. बाई देश शिकल्या ते पैसे कसे येतात यावरून. कुठला देश वेळेवर देतो, कुठला रडतो, कुठे सणाच्या आधी चुकूनही मागायचं नाही. सकाळी ऑफिसात आल्या की पर्स ठेवायच्या आधी पहिला प्रश्न, "कोण पडलं?" याचा अर्थ, काल जगात कुठलं सरकार गेलं. नवीन लागलेला शिपाई पहिल्या दिवशी "जिन्यात कोणी पडलं नाही मॅडम" असं म्हणाला होता.

"सरकार डळमळलं की पेपरात यायच्या आधी मला कळतं," त्या म्हणत. "बँकवाला फोनवर फार गोड बोलायला लागतो."

त्या देशांपैकी एकाचं नाव मी इथे लिहीत नाही. बाई स्वतःही ते चारचौघांत घेत नसत. नाव घेतलं की तिथला भाव पडतो, असा त्यांचा एक अनुभव होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. त्या नुसतं "लुसियाकडे" म्हणत. लुसिया म्हणजे तिथल्या एका कापड रंगवणाऱ्या गिरणीची खरेदी बघणारी बाई. दोघी कधी भेटल्या नव्हत्या. आठवड्यातून एकदा फोन, तोही कामाचा. पण कामाच्या फोनमध्ये हळूहळू लुसियाचं बाळंतपण आलं, बाईंच्या आईचं आजारपण आलं, आणि एकमेकींची भाषा आली. बाईंचं स्पॅनिश कसं होतं ते मला सांगता येणार नाही, पण त्या बोलू लागल्या की शेजारच्या हिशेब खात्यातले लोक काम थांबवून ऐकत.

मी लागल्यावर दुसऱ्याच वर्षी लुसियाकडे गडबड झाली. सरकारने डॉलर बाहेर पाठवायला बंदी घातली. आमचा माल तिथल्या बंदरात उतरलेला, पैसे आलेले नाहीत. गिरणीला माल ताब्यात द्यायचा तर आम्ही मालाचे कागद पैशांआधीच सोडायला हवे होते. आमचे जनरल मॅनेजर म्हणाले, माल परत मागवा. बाई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"सर, माल परत आणायला जेवढं भाडं लागेल तेवढ्यात तो इथे नवीन बनेल. कागद सोडा. ती पैसे देईल."

"कशावरून?"

"तिने आजवर मला कधी 'उद्या' म्हटलेलं नाही. द्यायचे असले तर देते म्हणते, नसले तर नाहीत म्हणते. आत्ता विचारलं तर म्हणाली, देईन, पण कधी ते माहीत नाही."

"आणि बुडाले तर? तुमच्या पगारातून कापू?"

"कापा," बाई म्हणाल्या.

जनरल मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो एकदम ओशाळला आणि त्याने सही केली. पुढे वर्षभर लुसियाने पैसे पाठवले, तेही असे तुकड्यातुकड्यात की बँकेतला माणूस हसायचा. जेवढ्या डॉलरची परवानगी मिळेल तेवढे. एकदा तर एका ड्रमचेसुद्धा पूर्ण नव्हते. पण सगळे आले. शेवटचा तुकडा आला त्या दिवशी बाईंनी सगळ्या खात्याला कॅन्टीनमध्ये मिसळ खायला घातली. मिसळ खाताना त्या मला म्हणाल्या, "देशाचं काय खरं नाही दळवी. पण त्या देशातली माणसं देणारी आहेत. सरकार काय, कधीतरी बदलेल."

निवृत्तीनंतर त्यांनी जे केलं त्याचं मूळ या मिसळीत होतं.

निवृत्त झाल्यावर मोहोपाड्यातल्याच दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या राहिल्या. गाव पळसदरीच्या पलीकडे, तिथे भाऊ, भावजय, शेती. आमच्या भागात निवृत्तीचे पैसे हातात आले की माणूस एकच करतो, जमीन घेतो. कर्जतला फार्महाऊसचे प्लॉट, खालापूरला रस्त्यालगतचे प्लॉट. बाईंचा भाचा निलेश याच धंद्यात. पांढरा शर्ट, गॉगल डोक्यावर, मोटारसायकलच्या डिकीत नकाशे. तो आला आणि म्हणाला, "आत्या, खालापूर साइडला एक पीस हाय. दोन वर्षांत डबल."

"का रं? तिथे काय होणार?"

"रस्ता येणार."

"कधीपासून येतोय?"

निलेशने प्रामाणिकपणे विचार केला. "मी शाळेत होतो तवापासून."

"म्हणजे तुझंही इमर्जिंग मार्केटच आहे की," बाई म्हणाल्या. "मग मी माझ्या ओळखीचं घेते."

इमर्जिंग मार्केट या शब्दावर त्यांचं प्रेम होतं, पण डोळस प्रेम. अर्थविषयक पानावर त्याला 'उदयोन्मुख बाजारपेठ' म्हणतात हे वाचून त्या खूश झाल्या. "उदयोन्मुख म्हणजे काय सांगू का दळवी? ज्याचा उदय कायम उद्या असतो ते." आणि तरीही आपल्या पुंजीतला एक हिस्सा त्यांनी अशाच देशांच्या शेअरबाजारांत घालायचं ठरवलं. सगळे देश असे, जिथलं सरकार बदलेल अशी आशा होती. त्यातला मोठा भाग लुसियाकडे. त्या एका देशाच्या कंपन्यांचा फंड अमेरिकेत विकत मिळतो हे त्यांनी शोधून काढलं होतं.

पैसे पाठवायला आम्ही बँकेत गेलो. काउंटरवर नवीन मुलगी होती, फार मनापासून काम करणारी.

"तिकडे कोण असतं मॅडम? मुलगा?"

"कोणी नाही."

"शिक्षणासाठी पाठवताय?"

"नाही."

"मग वैद्यकीय? कोणी आजारी आहे?"

"देश आजारी आहे," बाई म्हणाल्या. "बरा होईल असं वाटतंय, म्हणून."

मुलीने फॉर्म पुन्हा वाचला. "पण मॅडम, पैसे तर अमेरिकेला चाललेत."

"अगं, घाट चढायचा तर कर्जतला गाडी थांबते ना, मागे इंजिन लावायला? म्हणून काय आपण कर्जतला उतरतो? तसं आहे हे."

मुलगी कर्जतहूनच यायची. तिला ते चटकन समजलं, आणि पुढे दर वेळी बाई गेल्या की ती विचारायची, "मॅडम, गाडी घाटात आहे का वर पोचली?"

गाडी बराच काळ घाटातच होती. कधी मागेही यायची.

बाईंची बैठक म्हणजे हमीदभाईंचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. हमीदभाई मूळचे मुरुड बाजूचे, कोकणी मुसलमान. वडील इथे कारखाने आले तेव्हा दुकान टाकायला आले. ते बाईंच्या वयाचे आणि बाईंच्या अगदी उलट. जगात काही सुधारेल यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पैसे सोन्यात आणि बँकेच्या ठेवीत. रोज सकाळी दहाच्या सुमाराला बाई दुकानासमोरच्या बाकावर बसत, मी मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यावर मीही बसू लागलो, आणि हमीदभाई झेरॉक्स काढता काढता बाईंच्या देशांची खबरबात घेत.

"काय बाई, तुमचा म्हातारा हाय का गेला?"

"आहे अजून. पण लोक वैतागलेत."

"लोक वैतागतात, मंग घरी जाऊन जेवतात. मी साठ वरसं बगतोय."

"तुम्ही दुकानातून बघताय हमीदभाई."

"आनि तुमी बाकड्यावरून!"

यावर दोघं मनापासून हसत. हा संवाद थोड्याफार फरकाने रोज होई आणि रोज त्यांना नवा वाटे.

बाई परदेशात पैसे घालतात हे गावात पसरलं तशी माणसं सल्ल्याला येऊ लागली. बाईंचं उत्तर ठरलेलं. आधी विचारायच्या, "हे पैसे कशासाठी ठेवले होते?" पोराच्या फीचे, मुलीच्या लग्नाचे, घराच्या स्लॅबचे, असं काही उत्तर आलं की, "मग पोस्टात टाक. चहा घेणार?" एकदा आमच्या कारखान्यातला एक सुपरवायझर फारच मागे लागला. म्हणाला, बाई, तुम्ही एकट्याच श्रीमंत होणार आणि आम्ही बघत बसायचं? बाईंनी त्याला आपल्या फंडाचा मोबाईलवरचा आलेख दाखवला. तो डावीकडून उजवीकडे उतरत उतरत तळाला गेला होता. सुपरवायझरने मोबाईल उलटा धरून पाहिला, आणि मग चहा घेतला.

निवडणुकीच्या बाबतीत मात्र त्यांचा एक नियम होता. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात काही घ्यायचं नाही, काही विकायचं नाही. "त्या आठवड्यात माणूस हिशेब करत नाही, नवस बोलतो," त्या म्हणत.

तर भेंडी घेताना ज्या रविवारबद्दल त्या बोलत होत्या, तो रविवार आला. तिथे मतमोजणी सुरू व्हायची ती आपल्याकडे सोमवारी सकाळी. बाई दुकानावर आल्या त्या हातात पेढ्यांचा मोठा खोका घेऊन. सुतळीही सोडलेली नव्हती.

"निकाल लागला?" हमीदभाईंनी विचारलं.

"लागेल. नवीन माणूस पुढे आहे."

आम्ही तिघं त्यांच्या मोबाईलवर डोकी घालून बसलो. तिथल्या बातम्या स्पॅनिशमध्ये, बाई भाषांतर करत होत्या. नवीन माणूस पुढे होता, आणखी पुढे गेला. हमीदभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाला "जरा थांब" म्हटलं. मग आकडे थांबले. तांत्रिक अडचण आहे असं कोणीतरी सूट घातलेला माणूस सांगत होता. बाईंचं भाषांतर थांबलं. दुपारी जेवायच्या वेळेला आकडे पुन्हा सुरू झाले तेव्हा म्हातारा पुढे होता, आणि थोड्या वेळाने तोच निवडून आला असं जाहीर झालं.

बाईंनी सुतळी सोडली आणि खोका पुढे केला. "खा. उद्यापर्यंत शिळे होतील."

हमीदभाईंनी पेढा उचलला. मीही घेतला. पेढे उत्तम होते.

मंगळवारी बाई आल्या नाहीत. बुधवारी नाहीत. गुरुवारी हमीदभाईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, चला. आम्ही फ्लॅटवर गेलो तर निलेश आधीच येऊन बसलेला. बाई खुर्चीत, समोर मोबाईल, ताटात पोळी तशीच.

"आत्या, अजून वेळ हाय," निलेश म्हणत होता. "इक आनि मोकळी हो. अजून खाली जानार ते."

"किती गेले बाई?" हमीदभाईंनी हळूच विचारलं.

"अर्ध्याच्या वर. ते सोडा." बाईंनी मोबाईल आमच्याकडे वळवला. लुसियाला पाठवलेले मेसेज एकाखाली एक होते. एकही पोचलेला नव्हता. "रविवारपासून फोन बंद आहे. तिची मुलगी शाळेत शिकवते. आपल्याकडच्या मास्तरांना देतात तशी तिला निवडणुकीची ड्यूटी होती. मोजणीची. लुसियाने मला शनिवारी सांगितलं होतं, मी ऐकून घेतलं आणि तिला विचारलं काय, तर बाजार कसा उघडेल सोमवारी?"

निलेशने डोक्यावरचा गॉगल काढून खिशात ठेवला.

"एवढी वर्षं मी म्हणतेय बदल होईल, बदल होईल. म्हणजे काय, तर माझा आकडा हिरवा होईल. तिच्याकडे बदल म्हणजे पोरगी घरी येणं." त्यांनी निलेशकडे बोट दाखवलं. "हा निलेश म्हणतो वीक. विकायला मला एक बटण दाबायचंय. तिला कुठलं बटण आहे?"

"मंग काय करनार?" निलेशने विचारलं.

"तिचा फोन येईपर्यंत काही नाही."

निलेशला यात काही अर्थ दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसला नाही. न विकल्याने लुसियाला काय फायदा होणार होता? पण हमीदभाई, ज्यांनी आयुष्यात ठेवीशिवाय कशावर भरवसा ठेवला नव्हता, ते म्हणाले, "बरोबर हाय." मग त्यांनी ताटातली पोळी उचलून आत नेली, तव्यावर गरम करून आणली आणि बाईंना खायला लावली.

पुढचे दिवस वाईट गेले. फंड रोज खाली. बाई बाकावर येऊन बसत, पण "कोण पडलं?" विचारत नसत. हमीदभाई उगाच चिडवायचे, आपल्याच विरुद्ध बोलायचे, म्हणायचे, बाई, माझं मन सांगतंय तिकडं सगळं चांगलं होनार. बाई फिकं हसायच्या.

आणि एका दुपारी, शाळेची पोरं झेरॉक्सला गर्दी करून उभी असताना, बाईंचा मोबाईल वाजला. लुसियाचा चेहरा आला. पिकलेले केस, जाड चष्मा. बाईंनी बाकावरच रडायला सुरुवात केली. तिकडे लुसियाही रडू लागली. दोघी एकाच वेळी स्पॅनिशमध्ये बोलत होत्या आणि शाळेची पोरं झेरॉक्स विसरून बघत होती. हळूहळू आम्हाला कळलं. लुसियाच्या मुलीने, मारिसोलने, खोट्या आकड्यांच्या कागदावर सही करायला नकार दिला होता. तिला पोलिसांनी नेऊन कोठडीत ठेवलं होतं. तिच्यासारख्या बऱ्याच मास्तरणींना ठेवलं होतं. फोन बंद केले होते. काल तिला सोडलं. नोकरी गेली, पण घरी आली. मागून मारिसोलने स्वतः हात हलवला. हमीदभाईंनी काउंटरवरून तिला सलाम केला.

मग लुसियाने काहीतरी विचारलं आणि बाई हसल्या. आम्ही विचारलं, काय म्हणाली? "म्हणते, सगळे परदेशी पैसे घेऊन पळाले. तू पण पळालीस का?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, नाही. पण पाय उचलला होता."

फोन ठेवायच्या आधी लुसियाने आणखी एक प्रश्न विचारला. तुझ्या गावाचा मेयर कोण आहे? चांगला आहे का? त्यांना पंधरा देशांचे अर्थमंत्री पाठ होते. गावचा सरपंच कोण हे त्यांना माहीत नव्हतं. मतदारयादीत नाव गावालाच होतं, पण मत द्यायला त्या कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या.

ही गोष्ट त्यांना फार लागली. पुढच्या ग्रामपंचायतीला महिलांची एक जागा होती. बाईंनी अर्ज भरला.

गावात खळबळ उडाली, कारण त्याच जागेवर निलेशची बायको सुप्रिया उभी होती. भाऊ म्हणाला, घरातल्या घरात भांडान कशाला? बाई म्हणाल्या, भांडण कुठे आहे, निवडणूक आहे. त्यांना चिन्ह मिळालं शिट्टी. सत्तरीला टेकलेली बाई गळ्यात शिट्टी अडकवून दारोदार फिरते आहे आणि प्रत्येक दारात एकदा वाजवते आहे, हे दृश्य मी पाहिलं आहे. हमीदभाईंनी पत्रकं फुकट छापून दिली. सभेत त्या म्हणाल्या, स्टेशनच्या वाटेला दिवे, पाण्याची दुसरी टाकी, आणि पंचायतीचा जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर. एका म्हातारीने मागून विचारलं, "गो शालू, तू राहतेस मोहोपाड्याला, दिवे आमच्या वाटेला कशाला लावतेस?" सगळी सभा हसली. बाई पण हसल्या. म्हणाल्या, "म्हणूनच उभी आहे. ओळख करून घ्यायला."

थोडक्यात पडल्या. सुप्रिया निवडून आली. मी सांत्वनाला गेलो तर बाई पंख्याखाली बसून कलिंगड खात होत्या.

"वाईट वाटलं का?"

"करेक्शन आहे," त्या पडलेल्या शेअरबाजाराच्या भाषेत म्हणाल्या. "फंडामेंटल्स चांगले आहेत."

संध्याकाळी त्या खण-नारळ घेऊन सुप्रियाकडे गेल्या, तिची ओटी भरली आणि म्हणाल्या, "दिवे, टाकी आणि फळा. नाहीतर पुढच्या वेळी मी आहेच." सुप्रियाने त्यांच्या पाया पडून "व्हय आत्या" म्हटलं, आणि मनात भीती धरली असणार, कारण दिवे खरंच लागले. फळाही लागला. टाकीचं काम मात्र चालूच राहिलं.

लुसियाकडे म्हातारा अखेर गेला. मधे पाच वर्षं गेली, पुढची निवडणूक झाली, आणि या वेळी आकडे थांबले नाहीत. मारिसोलला शाळेत परत घेतलं. फंड वर गेला, थोडा उतरला, पुन्हा वर गेला. नव्या सरकारने वर्षभरात जुन्यासारखी दोन-तीन कामं केलीच. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "वरणाला फोडणी नवी दिली. डाळ तीच. पण फोडणी द्यायला देतात आता, हे काय कमी आहे?"

मग त्यांनी फंड विकला. एवढ्या सगळ्या वर्षांनंतर हातात काय आलं याचा हिशेब हमीदभाईंनी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर तीनदा केला आणि विजयी मुद्रेने वर पाहिलं.

"बाई, बँकेत ठेवले असते तरी एवडेच झाले असते!"

"थोडे कमी," बाई म्हणाल्या.

"थोडे कमी! येवड्यासाठी येवडी वरसं जीव टांगणीला?"

"बँकेत ठेवले असते तर तुम्ही मारिसोलला सलाम केला असता का हमीदभाई?"

हमीदभाईंनी कॅल्क्युलेटर बंद केला.

पैसे खात्यात आले त्याच आठवड्यात बाई दुसऱ्या देशाबद्दल बोलू लागल्या. पूर्वेकडचा कुठलातरी. मी विचारलं, तिथे काय आहे? "सगळं वाईट आहे," त्या डोळे चमकवत म्हणाल्या. "चलन पडलंय, मंत्री तुरुंगात, पोरं रस्त्यावर. फार आशा आहे."

गेल्या वर्षी बाई गेल्या. आदल्या दिवशी बाकावर होत्या, सकाळी उठल्या नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं चित्र येतं ते त्याआधी काही महिन्यांचं, मतदानाच्या दिवशीचं. त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून मी गाडीने त्यांना चौक गावावरून कर्जत, तिथून गावच्या शाळेत घेऊन गेलो. घडीचं एक स्टूल त्यांनी बरोबर घेतलं होतं. शाळेच्या व्हरांड्यातून निघालेली रांग मैदान ओलांडून फाटकापर्यंत आली होती. ऊन चढलं होतं.

हवालदार लगबगीने पुढे आला. "आजी, तुमाला रांग नाय. तुमी पुढं या, पाच मिंटांत मोकळं करतो."

"नको रं. रांग आहे तर रांगेतच बसते."

"अवो, दीड तास लागंल."

"लागू दे. कोण काय म्हणतंय ते तरी कळेल."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पंधरा वर्षांपूर्वीच या बाबतीत हात टेकले होते. बाई रांगेच्या शेवटाला गेल्या, स्टूल उघडून बसल्या, छत्री उघडली आणि तिची अर्धी सावली शेजारच्या, कडेवर मूल असलेल्या गावातल्या एका सुनेवर धरली. मला हाताने खूण केली, जा, चहा घे, मी आहे इथे.

फाटकाबाहेर गाडी वळवताना मी आरशात पाहिलं. रांग थोडी पुढे सरकली. बाई उठल्या, स्टूल उचललं, एक पाऊल पुढे ठेवलं, पुन्हा बसल्या आणि त्या सुनेशी अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे सुरू केलं.